खिडकीजवळच्या खाटेचे कोडे

स्तोयना रालेवा दारात येऊन उभी राहिली तेव्हा कचेरीत साडेसत्त्याहत्तर वनस्पतींवरून वाद चालला होता.

वाद घालणारे दोघे होते. एक लाझार कारादिमोव, गोर्ना लिपा गावातील एकमेव खाजगी गुप्तहेर. शरीराने काटकुळा आणि सूर्यफुलाच्या बिया सोलण्यात अखंड मग्न असणारा. दुसरा त्याचा मित्र पेन्यो. पेन्योने सव्वीस वर्षे गावची बस चालवली होती, आणि निवृत्त झाल्यापासून तो लाझारच्या मागे मागे हिंडत असे. पेन्योची पाठ धरली होती, म्हणून त्याने बहिणीने दिलेल्या जुडीचा काढा शेगडीवर उकळत ठेवला होता. जून महिन्यात एन्योव्देन सणाच्या पहाटे, दव वाळण्याच्या आत, बायका ज्या वनस्पती खुडून आणतात त्यांचीच ती जुडी.

"सत्त्याहत्तर मला कळतात," लाझार म्हणत होता, "पण वरची अर्धी कशाला?"

"सत्त्याहत्तर आजारांना सत्त्याहत्तर. अर्धी, ज्याला नाव नाही त्या आजाराला. तुझ्या आईनं शिकवलं नाही वाटतं काही!"

"मग ती अर्धी तू काढून ठेव. तुझ्या आजाराला आळस असं चांगलं नाव आहे."

इतक्यात दोघांचेही लक्ष दाराकडे गेले, आणि दोघेही उठून उभे राहिले. कारण स्तोयना ही गावच्या इस्पितळातील अतिदक्षता कक्षाची मुख्य परिचारिका होती. लाझारच्या आईची शेवटचे तीन आठवडे तिने स्वतःच्या आईसारखी शुश्रूषा केली होती.

"लाझारदादा, उद्या दुपारी माझी चौकशी आहे," ती म्हणाली. तिने कोट काढला नाही, की खुर्चीकडे पाहिले नाही. "एकतीस वर्षं झाली मला या कामात. पाच महिन्यांनी निवृत्त होणार. आता म्हणतात, माझ्यामुळं तीन माणसं मरणाच्या दारात गेली."

"बसा सिस्टर. पेन्यो, तो काढा दे त्यांना."

"काढा नको. ऐकून घ्या."

तिने सांगितलेली हकीकत अशी. जानेवारीत गावात फ्लूची मोठी साथ आली. अतिदक्षता कक्षात खाटा चारच. पहिल्या खाटेवर, खिडकीला लागून, एक वनरक्षक, दुसरीवर शाळेतील बाई, तिसरीवर बेकरीवाला, चौथीवर टपाल वाटणारी स्त्री. चौघांनाही मुखवट्यातून प्राणवायू चालू होता. वनरक्षक आठ दिवसांत चालत घरी गेला. उरलेले तिघे मात्र सुधारता सुधारता एकाएकी बिघडले. तपासणीत त्यांच्या फुप्फुसांत बुरशी निघाली.

"बुरशी?" पेन्यो दचकून म्हणाला. "पावावर येते ती?"

"तिची चुलत बहीण म्हणा. औषध मिळालं, तिघंही आता वाचतील. शाळेच्या बाई तर साध्या कक्षात हलवल्या. पण डॉक्टर मानेव म्हणतात, ती माझ्या खिडकीतून आली. शेजारी जुन्या इमारतीचं छप्पर पाडतायत, त्याची धूळ. आणि मी रोज सकाळी दहा मिनिटं खिडकी उघडत होते, हे खरं आहे दादा. एकतीस वर्षांची सवय. हवा बदलली की रोग्याला बरं वाटतं."

"तुम्हाला काय वाटतं?"

स्तोयनाने दार लावून घेतले. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "नोकरीचं सोडा. माझ्या हातून झालं का, एवढं मला सांगा. हो असेल तर हो सांगा. पण खरं सांगा."

लाझारने हातातील बिया खिशात टाकल्या आणि टोपी उचलली.

*

डॉक्टर मानेव हे इस्पितळाचे संचालकही होते आणि अतिदक्षता कक्षाचे डॉक्टरही. उंच, देखणे आणि अपुऱ्या झोपेमुळे सदैव चिडलेले असे ते गृहस्थ होते. गुप्तहेराला पाहून त्यांना आनंद झाला नाही.

"कारादिमोव, तुम्ही चोरीला गेलेल्या मधाच्या पेट्या शोधता. बुरशी काय शोधणार?"

"पेट्या बोलत नाहीत, बुरशीही बोलत नाही. फारसा फरक नाही, डॉक्टर. ही बुरशी येते कुठून?"

"सगळीकडून. गवत, धूळ, ओलसर भिंत. तुम्ही या क्षणी ती हुंगताय. धडधाकट फुप्फुस तिला झाडून टाकतं. पण फ्लूनं आतलं अस्तर सोलवटलं, वर सूज उतरावी म्हणून आम्ही स्टेरॉइड दिलं, की पहारेकरी आडवे होतात. मग ती मुळं धरते."

"स्टेरॉइड कोणाकोणाला दिलं?"

"चौघांनाही. सारख्याच प्रमाणात. माझ्यावर ढकलायला आला असाल तर तो रस्ता बंद आहे."

"तसं नाही. मला एवढंच कळत नाही, की धूळ खिडकीतून आली तर खिडकीजवळचा वनरक्षक कसा सुटला?"

मानेवांनी ओठ आवळले. हा प्रश्न त्यांना स्वतःलाही पडलेला असावा.

"मला वाटलं होतं, त्या तिघांचा विषाणूच निराळा असेल. वनरक्षक खालच्या खोऱ्यातल्या इस्पितळातून आला, त्याचा तपास तिथंच झालेला होता. पहिल्या दिवसापासून त्याच्या पाटीवर फ्लू लिहिलेलं होतं. या तिघांचे नमुने राजधानीला, सोफियाच्या प्रयोगशाळेत पाठवले. घाटात बर्फ, त्यामुळं सहा दिवस उत्तर नाही. तोवर पाटीवर प्रश्नचिन्ह. लोकांनी भंडावून सोडलं मला. नातेवाईक विचारतात, दूधवाला विचारतो, आमची गानामावशी झाडू टेकून रोज विचारते, डॉक्टर, कळलं का नाव? शेवटी उत्तर आलं. चौघांनाही तोच फ्लू. अगदी एकच."

"मग बुरशी सापडल्यावर कक्ष तपासलात?"

"भिंती, पडदे, खाटा, गाद्या, उशा, सगळं. काही नाही. उरली खिडकी. आणि खिडकी कोण उघडत होतं, ते स्तोयनानं स्वतःच कबूल केलंय."

*

झेल्यो यंत्रदुरुस्तीवाला तळघरात बॉयलरपाशी बसून बीन्सचे सूप पीत होता. आपल्यावर आळ येणार, याची त्याला खात्रीच होती. त्यामुळे तो आधीच रागावून बसला होता.

"प्राणवायूची नळी एकच आहे, साहेब. भिंतीतून निघते, चार खाटांना चार तोंडं. नळीत घाण असती तर चौघंही गेले असते. गाळण्या मी डिसेंबरात बदलल्या. या बसवाल्याला विचारा, मी कामचुकार आहे का?"

"माझ्या बसचा हीटर तू दोन हिवाळे दुरुस्त करत होतास," पेन्यो म्हणाला.

"कारण तू त्यावर मोजे वाळवत होतास!"

लाझार हसला. "इथं खाली ओल बरीच दिसते."

"दिसणारच. नोव्हेंबरात पाइप फुटला. गुडघाभर पाणी! माझी हत्यारं गंजली, गानामावशीचं कपाट तर पोहायलाच लागलं. बिचारीनं आपली बोचकी या बॉयलरच्या नळीवर वाळत घातली. महिनाभर इथं गवताच्या गंजीत बसल्यासारखं वाटत होतं. पण तळघराची हवा वर जात नाही हं! मी लिहून द्यायला तयार आहे."

"लिहून नको," लाझार म्हणाला. "सूप गार होतंय तुमचं."

*

अतिदक्षता कक्षात शिरण्यापूर्वी स्तोयनाने दोघांना पायघोळ अंगरखे, टोप्या आणि मुखवटे चढवले. पेन्योच्या पोटावर अंगरख्याची नाडी पोहोचेना, तेव्हा तिने दोन नाड्या जोडून गाठ मारली.

तिसऱ्या खाटेवरील बेकरीवाला शुद्धीवर होता आणि मुखवट्याआडून कोणाला तरी पीठ मळण्याविषयी सूचना देत होता. चौथ्या खाटेवरील टपालवाली झोपली होती. पहिली खाट रिकामी होती. दुसऱ्या खाटेवर आदल्याच दिवशी एक नवीन रोगी आली होती: मधमाश्या पाळणारी, साठीकडे झुकलेली बाई. तिचा श्वास धापांचा होता.

लाझारने खिडकीपाशी जाऊन कडीकडे पाहिले, मग तो स्तोयनाला घेऊन कोपऱ्यात उभा राहिला.

"सिस्टर, गेल्या महिन्यात इथं काही वेगळं घडलं? कितीही क्षुल्लक असो."

"भांडणं सोडली तर काही नाही. लॉन्ड्रीशी एक झालं. म्हणतात, तुमच्या उशांच्या अभ्र्यांतून काड्याकचरा येतो, आमची यंत्रं तुंबतात. मी म्हटलं, तुमच्याच हातगाडीतला असेल. आणि या बेकरीवाल्याची बायको. काचेआडून बघून खुशीत म्हणाली, शुद्धीवर आल्यावर यांनी पहिली गोष्ट कोणती सांगितली असेल, तर इथं आजोळी गवत साठवायच्या माळ्यावर यायचा तसा वास येतो म्हणे. मला वाटलं, तापात भ्रम झाला."

"अभ्रे कोण बदलतं?"

"गानामावशी. चादरी, उशा, फरशी, सगळं तिचंच. माझ्याआधीपासून आहे ती."

इकडे पेन्यो एकटाच दुसऱ्या खाटेपाशी उभा राहिला होता. त्याच्या बाजूला एक ठेंगणी, गोलमटोल म्हातारी ओले फडके घेऊन आली. हीच गानामावशी. तिने त्याला आपादमस्तक न्याहाळले.

"तू बसवाला पेन्यो ना रे? अंगरख्यात अगदी नवरदेव दिसतोस."

"नवरदेव नाही मावशी, तंबू."

म्हातारी गालातल्या गालात हसली. मग खाटेच्या पायाशी टांगलेल्या पाटीकडे बोट करून म्हणाली, "एवढं वाच बाबा. चष्मा राहिला माझा. आणि डॉक्टरांचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरलेलं. हिला काय झालंय म्हणून लिहिलंय?"

पेन्योने वाकून वाचले. "विषाणू, आणि पुढं प्रश्नचिन्ह."

"म्हणजे नाव नाही?"

"अजून नाही कळलं वाटतं."

"बरं," मावशी म्हणाली. तिने त्या रोगी बाईच्या कपाळावरील केस हळुवारपणे मागे सारले आणि बादली उचलून निघून गेली.

लाझारने नंतर तिला कक्षाबाहेर गाठून दोन-चार प्रश्न विचारले, परंतु मावशीचे उत्तर एकच. "मी जमीन पुसते बाबा. बुरशीफिरशी मला काय कळतंय? स्तोयनाला काही करू नका. अशी पोरगी शोधून सापडायची नाही." हे बोलताना तिच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आले.

*

इस्पितळासमोरील उपाहारगृहात त्यांनी चीज भरलेली बानित्सा मागवली. पेन्यो निराश झाला होता. त्याच्या मते, सारे मार्ग खुंटले होते.

"खिडकी म्हणावी, तर खिडकीजवळचा सुटला. औषध म्हणावं, तर चौघांना सारखं. नळी एकच. विषाणू एकच. लाझार, मला तर वाटतं बुरशीला वनरक्षक आवडला नाही. काही काही माणसं नसतात आवडत."

"तू इतका वेळ त्या खाटेपाशी काय करत होतास?"

"काही नाही. मावशीला पाटी वाचून दाखवली. चष्मा विसरली होती. नाव आहे का विचारत होती."

लाझारच्या हातातील घास तसाच राहिला.

"काय विचारत होती? शब्दाला शब्द सांग."

पेन्योने सांगितले. लाझार इतक्या वेगाने उठला की खुर्ची उलटली. रस्ता ओलांडताना त्याने डावीउजवीकडे पाहिले नाही. ज्या माणसाने सव्वीस वर्षे बस चालवली त्याला हे दृश्य बघवले नाही.

"सिस्टर!" कक्षाच्या दारातून लाझार म्हणाला. "दुसऱ्या खाटेची उशी बदला. आत्ता. झटकू नका, हलवू नका, हळूच काढून पिशवीत घाला आणि तोंड बांधा."

"पण का?"

"आधी उशी. कारण नंतर."

स्तोयनाने पुन्हा प्रश्न केला नाही. तिने दोन मिनिटांत ते काम असे केले की रोगी बाईला जागही आली नाही.

*

परिचारिकांच्या खोलीत पाच जण जमले, सहावा लाझार. मेजावर ती बांधलेली पारदर्शक पिशवी होती. गानामावशीने पिशवी पाहिली मात्र, ती सर्वांच्या मागे सरकली. पण कोणाचे लक्ष नव्हते.

"उद्याच्या चौकशीला मला वेळ नसेल, म्हणून आजच बोलतो," लाझारने सुरुवात केली. "चार रोगी. तिघांना बुरशी, एक सुटला. तेव्हा प्रश्न असा, की या चौघांत फरक काय? खिडकी म्हणाल, तर ती सुटलेल्या माणसाच्या डोक्याशी होती. धुळीनं त्यालाच आधी गाठलं असतं. तेव्हा खिडकीचा संबंध नाही. सिस्टर, आपण विचारलंत ना, माझ्या हातून झालं का? नाही. तुमच्या हातून झालं नाही."

स्तोयनाने डोळे मिटून घेतले आणि खुर्चीची पाठ धरली.

"स्टेरॉइड चौघांना सारखं. नळी एकच. सोफियाचं उत्तर आल्यावर विषाणूही एकच निघाला. मग उरलं काय? मी पुष्कळ डोकं खाजवलं. उरली फक्त पाटी. वनरक्षकाच्या पाटीवर पहिल्या दिवसापासून आजाराचं नाव होतं. त्या तिघांच्या पाटीवर सहा दिवस प्रश्नचिन्ह होतं."

"पाटीनं बुरशी होते?" झेल्यो म्हणाला. "मग मी यंत्रं कशाला तपासली?"

"बुरशी पाटी वाचत नाही, झेल्यो. माणूस वाचतो. किंवा दुसऱ्याकडून वाचून घेतो. नाव कळलं का, असं रोज विचारणारं इथं कोण होतं, ते डॉक्टरांनीच मला सांगितलं. आणि आज तोच प्रश्न पेन्योला विचारला गेला. आता ज्याला नाव नाही त्या आजारावर आपल्याकडं काय देतात? पेन्यो, सकाळी तूच मला शिकवत होतास."

पेन्योच्या तोंडाचा आ वासला. "एन्योव्देनची जुडी! ती वरची अर्धी!"

"जूनमध्ये खुडलेली चांगली, कोरडी जुडी. पण नोव्हेंबरात तळघरात पाणी आलं, कपाट भिजलं. जुड्या बॉयलरवर वाळवल्या. वरून वाळल्या, आतून बुरसल्या. गंजीचा वास झेल्योला आला, माळ्याचा वास बेकरीवाल्याला आला, काड्या लॉन्ड्रीला सापडल्या. सगळ्यांना तुकडा तुकडा मिळाला होता. सोलवटलेल्या फुप्फुसाचा माणूस, पाणी प्यायला मुखवटा काढतो, कूस बदलतो, आणि दर वेळी उशीतून चिमूटभर भुकटी उडते."

"पण मी उशा तपासल्या होत्या!" मानेव म्हणाले.

"कधी? बुरशी सापडल्यावर. तोवर सोफियाचं उत्तर आलं होतं, आजाराला नाव मिळालं होतं. नाव मिळालं की जुडीचं काम संपलं, आणि अभ्रा बदलणाऱ्या हातानं ती निमूट काढून घेतली. बघा."

डॉक्टरांनी हातमोजे आणि मुखवटा चढवून, खोलीबाहेरच्या, हवा आत ओढून घेणाऱ्या बंदिस्त कपाटात पिशवी उघडली. अभ्र्याच्या शिवणीत बोटभर लांबीची, लाल दोऱ्याने बांधलेली जुडी होती. तिच्या देठांच्या मधोमध राखाडी-हिरवी पूड साचलेली होती. ते परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरची चीड नाहीशी झाली होती.

"प्रयोगशाळा तीन दिवसांत सांगेल," ते म्हणाले. "पण मला तीन दिवस लागणार नाहीत."

आता सर्वांनी गानामावशीकडे पाहिले. ती पदराने डोळे पुसावे तशी फडक्याने डोळे पुसत होती.

"माझ्या लहानपणी मला असंच जुडीच्या उशीवर निजवलं होतं," ती म्हणाली. "आठ दिवस. आई म्हणायची, नाव असलेल्या आजाराला डॉक्टर आहेत. बिननावाच्याला कोण आहे? मला वाटलं, या लेकरांना कोणीच नाही. स्तोयना, तुझ्यावर आलं तेव्हा मला काय ठाऊक, ते माझ्यामुळं! ठाऊक असतं तर मी तुला असं होऊ दिलं असतं का ग?"

"नसतं दिलंस," स्तोयना म्हणाली.

मानेवांनी घसा साफ केला. "भावना समजतात मला. पण नियम आहे. गानाबाईंना आजपासून—"

"डॉक्टर," स्तोयना मध्येच म्हणाली. आतापर्यंत कोणी न ऐकलेला असा तिचा आवाज होता, खणखणीत. "तिला काढायचं असेल तर चौकशी पूर्ण करू. सहा दिवस पाटीवर नुसतं प्रश्नचिन्ह होतं. त्या सहा दिवसांत आपण एकदा तरी बाहेर येऊन सांगितलंत का, की नाव कळलं नसलं तरी उपचार चालू आहेत? नातेवाइकांना नाही, आम्हाला नाही, मावशीला तर नाहीच. मी पण नाही सांगितलं. मग बिचारीनं स्वतःला जे येत होतं ते केलं."

झेल्यो आपल्या बुटांकडे पाहू लागला. मानेव खिडकीपाशी जाऊन उभे राहिले, आणि मागे न वळताच म्हणाले, "तळघरातल्या सगळ्या जुड्या आज जाळून टाका, झेल्यो. तुमचा मुखवटा लावून. चौकशीचा कागद मी फाडतो. आणि पाटीवर उद्यापासून प्रश्नचिन्हाखाली काय काय चाललंय, ते वाचता येईल अशा अक्षरात लिहीन."

"कोंबडी नको," मावशी नाक ओढत म्हणाली, आणि डॉक्टरांना हसू आवरले नाही.

मग तिने स्तोयनाच्या बाहीला हात लावला. "पण मग दोन नंबरच्या बाईचं काय? तिचं नाव अजून आलं नाही. तिला आता काय द्यायचं?"

स्तोयनाने तिचा हात हातात घेतला.

"चल," ती म्हणाली. "कोपरापर्यंत साबण लाव. नवा अंगरखा, मुखवटा, हातमोजे. रोज फरशी झाल्यावर अर्धा तास तिच्यापाशी बसायचं, हात धरायचा, बोलायचं. माझ्या पोरींना तेवढा वेळ मिळत नाही. तुला मिळेल. मी वेळापत्रकात घालते."

"काय बोलू?"

"मधमाश्यांचं बोल. तिला आवडेल."

थोड्या वेळाने पेन्यो आणि लाझार पुन्हा अंगरखे चढवून काचेआडून आत पाहत होते. मावशी स्टुलावर बसली होती. तिचे पाय जमिनीला पुरते टेकत नव्हते. रोगी बाईचा हात तिच्या दोन्ही हातांत होता, आणि मावशी काहीतरी सांगत होती. बाईचे डोळे उघडे होते, आणि एकदा तिने मुखवट्याआडून मान हलवून मावशीची काहीतरी चूक दुरुस्त केली, असे पेन्योला वाटले. तिसऱ्या खाटेवरचा बेकरीवालाही कुशीवर वळून ऐकत होता.

तेवढ्यात स्तोयना हातात तक्ता घेऊन बाहेर आली. तिने दोघांना वरपासून खालपर्यंत पाहिले.

"अजून इथंच? भेटीची वेळ संपली. अंगरखे त्या टोपलीत, टोप्या या टोपलीत, आणि जिना तिकडं. पेन्यो, भिंतीला टेकू नकोस, आत्ताच पुसलीय."

पेन्यो गडबडीने नाडीची गाठ सोडू लागला. ती सुटेना, तेव्हा स्तोयनाने कात्रीने कापली आणि ती दुसऱ्या खाटेकडे निघून गेली.

जिना उतरताना पेन्यो थोडा फुरंगटला. "बघ लाझार, एवढं सगळं केलं, आणि थँक्यूसुद्धा नाही म्हणाली."

"म्हणेल कधीतरी," लाझार म्हणाला, आणि बियांसाठी त्याने खिशात हात घातला. "आत्ता कामावर आहे ती."